‘आम्हाला नाही चावत, तुलाच कसं चावतं?’

पत्राचा सारांश: चाळिशी ओलांडलेल्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. नवरा आणि आठ वर्षांचा मुलगा यांच्यासोबत त्या उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी बाहेर पडतात. झाडीतून चालत जायचं, ओढ्याकाठी दुपार काढायची, संध्याकाळी परतायचं, असा शिरस्ता. नवऱ्याला या भटकंतीचं वेड आहे आणि ताईंनाही ती आवडते. पण यंदा माश्या आणि किड्यांनी त्यांना नको करून सोडलंय. घोट्यांवर, मानेवर, केसांच्या कडेला चावे. एकेक चावा तळहाताएवढा सुजतो आणि दिवसेंदिवस खाजत राहतो. मुलाचा एक डोळा सुजून बंद झाला, तेव्हापासून तो यायलाच तयार नाही. नवरा म्हणतो, ‘बाहेर पडायचं तर एवढं चालायचंच, पडेल अंगवळणी. आम्हाला नाही चावत, तुलाच कसं चावतं?’ सासूबाईंच्या मते ताईंचं रक्त गोड. डास पळवणारं मलम, सुगंधी तेल, मुलाच्या मनगटात घालायचा वासाचा पट्टा, सिट्रोनेला या सुगंधी गवताच्या तेलाच्या मेणबत्त्या असं सगळं करून झालंय. आता त्या विचारतात, याहून जालीम काही मिळतं का? जायच्या आदल्या दिवशी त्या जागेवर फवारणी करून घेतली तर? की जाणं बंद करून ‘नाजूक’ हा शिक्का एकदाचा मारून घेऊ?

ताई,

तुमच्या पत्रात ‘माश्या आणि किडे’ असं सरसकट आलंय आणि मला वाटतं खरी गोम तिथेच आहे. ‘किडे चावतात’ ही तक्रार म्हणजे डॉक्टरांना नुसतं ‘पोटात दुखतं’ म्हणून सांगण्यासारखी. त्यावर कुणी जालीम औषध दिलं तर ते घेऊ नये. तुमचे उपाय वाया गेले त्याचं कारण उपाय कमजोर होते एवढंच नाही. ते भलत्याच चावऱ्यावर चालवले गेले.

पण आधी घरातला वाद मिटवू, कारण तो माश्यांपेक्षा जास्त टोचतोय असं पत्रावरून वाटलं.

चावणं वेगळं आणि चावा उठणं वेगळं. रक्त पिताना कीटक आपली लाळ त्वचेत सोडतो, म्हणजे रक्त गोठत नाही. गांधी, सूज, खाज ही त्या लाळेवर आपल्या शरीराने दिलेली प्रतिक्रिया असते. ती माणसागणिक बदलते आणि एकाच माणसात वयानुसारही बदलते. डासांच्या चाव्याबाबत हे टप्पे १९४६ पासून नोंदलेले आहेत. अगदी पहिल्या चाव्यांना शरीर काहीच करत नाही. मग दुसऱ्या दिवशी गाठ येऊ लागते, पुढे लगेच गांधी आणि नंतर गाठ असं दोन्ही होतं आणि पुष्कळ चावे खाऊन झाल्यावर काहींच्या अंगावर काहीच उठेनासं होतं. त्यामुळे ‘अंगवळणी पडेल’ यात तथ्य नाही असं नाही. पण ते किती वर्षांनी पडेल आणि तुमच्या बाबतीत पडेल का, हे कुणी सांगू शकत नाही. शिवाय ही सवय त्या त्या जातीपुरती असते. डासांना सरावलेलं शरीर गोमाशीला सरावलेलं नसतं.

म्हणजे तुमच्या यजमानांना कदाचित तुमच्याइतकेच चावे बसत असतील, फक्त त्यांच्या अंगावर काही उठत नसेल. पुढच्या वेळी ओढ्याकाठी त्यांची पोटरी नीट पाहा. बारीक लाल ठिपके दिसले तर भांडण तिथल्या तिथे मिटेल.

रक्त गोड असल्याचं मात्र सोडून द्या. काही माणसांकडे डास जास्त येतात हे खरं आहे, पण त्याचं कारण रक्तातली साखर नव्हे. तुम्ही सोडत असलेला श्वास, अंगाची ऊब आणि मुख्य म्हणजे त्वचेचा वास यांवर ते येतात. २०१५ मध्ये जुळ्या बहिणींवर झालेल्या एका अभ्यासात एकसारख्या जुळ्यांकडे डास जवळपास सारख्याच प्रमाणात आकर्षित झाले, वेगवेगळ्या जुळ्यांत तेवढं साम्य दिसलं नाही. २०२२ च्या अभ्यासात असं दिसलं की डासांना जास्त आवडणाऱ्या माणसांच्या त्वचेवर कार्बोक्सिलिक आम्लं जास्त असतात आणि ही आवड वर्षानुवर्षं टिकते. यात तुमची चूक नाही, सासूबाईंचीही नाही.

आता चावणाऱ्यांकडे वळू. कीटकशास्त्राची पदवी लागत नाही. चावा कुठे बसला, तेव्हाच कळला की नंतर, आणि वेळ कोणती होती, या तीन प्रश्नांत बहुतेक ओळख पटते.

भर उन्हात, उकाड्यात, वारा पडलेला असताना चटका बसावा तशी कळ आली आणि हात मारेपर्यंत एक मोठी, दणकट माशी उडून गेली, तर ती गोमाशी. घोडमाशीही म्हणतात. डास बारीक नळी खुपसतो, ही त्वचा कापते. तिच्या तोंडात पात्यांसारखे अवयव असतात. त्यांनी ती कातडीला चीर पाडते आणि वर आलेलं रक्त टिपून घेते. म्हणून तिचा चावा त्याच क्षणी दुखतो आणि जखमेतून रक्त ओघळू शकतं. चावते ती फक्त मादी, अंडी पोसण्यासाठी तिला रक्त हवं असतं. नर फुलातला मध पिऊन राहतात. याच कुळातली एक लहान जात असते, पंखांवर गडद पट्टे आणि डोळे रंगीत, चकाकणारे. ती डोक्याभोवती घिरट्या घालत राहते आणि चालणाऱ्याचा पिच्छा सोडत नाही.

वाहत्या पाण्याजवळ, दिवसाउजेडी, कानामागे, मानेवर, टोपीच्या कडेखाली चावे, आणि चावताना काही कळलंच नाही, नंतर पाहिलं तर मधोमध सुकलेल्या रक्ताचा टिपका? ही बारीक काळी माशी. पाठीला कुबड, लांबी जेमतेम काही मिलिमीटर. तिच्या अळ्या खळाळत्या पाण्यातल्या दगडांना चिकटून वाढतात, म्हणून ओढा हे तिचं घरच. अंगावर बसल्यावर ती लगेच चावत नाही. आधी रांगत कपड्याच्या कडेपर्यंत किंवा केसांच्या मुळाशी जाते.

संध्याकाळ होता होता, वारा थांबलेला, आणि अंगावर एकदम सुया टोचल्यासारख्या, पण दिसत तर काहीच नाही, अशा वेळी घुंगुरटं समजा. ती एक ते तीन मिलिमीटरची असतात, साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून सुद्धा आत येतात. आणि घरमाशीसारखीच दिसणारी एक माशी घोट्यांवर पुन्हा पुन्हा येऊन मोज्यातूनही टोचत असेल, तर ती गुरांच्या गोठ्याभोवती असते ती चावरी माशी. आसपास जनावरं किंवा कुजणारं गवत असेल तर तिचा संशय धरायला हरकत नाही. डासांबद्दल वेगळं सांगत नाही. फक्त डेंग्यू पसरवणारे डास दिवसा चावतात हे लक्षात असू द्या. आणि डोळ्यांपुढे नाचणारी जी चिलटं असतात ती बहुतेक चावतच नाहीत, त्यांना डोळ्यातलं पाणी आणि घाम हवा असतो. त्यांचा त्रास मोठा, अपाय सहसा नाही.

तुमच्या पत्रावरून माझा अंदाज असा की तुम्हाला किमान दोन वेगळे चावरे भेटतायत. केसांच्या कडेचे आणि मानेवरचे चावे, ओढ्याचा काठ, दुपारची वेळ हे बारीक काळ्या माशीकडे बोट दाखवतं. मुलाचा डोळा सुजला तोही बहुधा तिचाच प्रताप. डोळ्याभोवतीची कातडी सैल असते, तिथे जरासं काही झालं तरी सूज भरभर पसरते, त्यामुळे डोळा बंद झालेला दिसला तरी चावा कपाळावर किंवा भुवईजवळ असू शकतो. घोट्यांचं प्रकरण निराळं. ते डास असतील, नाहीतर गोठ्यातली माशी. एकाच बाटलीतून या सगळ्यांना पुरून उरणारं काही मिळायचं नाही.

याचं साधं कारण आहे. डास, घुंगुरटं वगैरे शेवटच्या टप्प्यात वासावर येतात, म्हणून वास बिघडवणारं मलम त्यांच्यावर चालतं. गोमाशी मुख्यतः डोळ्यांनी शिकार शोधते. गडद, हलणारी, उबदार वस्तू दिसली की ती झेपावते. तिच्यावर कितीही महागडं मलम चोळा, परिणाम अर्धामुर्धाच. बारीक काळी माशी या दोघींच्या मधली. मलमाने ती कमी होते, पण थांबत नाही.

मग गोमाशीसाठी काय? कपड्यांचा रंग. २०१९ मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी माणसाच्या आकाराचे पुतळे मोकळ्या जागेत ठेवून गोमाश्या मोजल्या. गडद तपकिरी पुतळ्याकडे जितक्या आल्या त्याच्या साधारण दहाव्या भागाएवढ्याच पांढरे पट्टे रंगवलेल्या तपकिरी पुतळ्याकडे आल्या. फिकट पिवळसर पुतळाही पट्टेरीपेक्षा दुप्पट माश्या ओढत होता. त्याच वर्षी जपानमध्ये काळ्या गाईंच्या अंगावर पांढरे पट्टे रंगवले, तर त्यांच्यावर बसणाऱ्या माश्या निम्म्याने कमी झाल्या. या प्रयोगाला २०२५ मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं पारितोषिक, मिळालं. मी तुम्हाला झेब्रा व्हायला सांगत नाही. पण काळा, गडद निळा आणि तपकिरी शर्ट घरी ठेवा, पांढरा किंवा फिकट रंगाचा घाला, आणि मुलाकडे आडव्या पट्ट्यांचा बनियन असेल तर तो काढा बाहेर. गोमाश्यांसाठी लावायचे सापळे काळे किंवा निळे असतात ते उगाच नाही.

डोक्याभोवती घिरट्या घालणारी जी जात आहे तिच्यासाठी एक गमतीचा पण खरोखर चालणारा उपाय आहे. टोपीच्या मागच्या बाजूला, वरच्या भागात, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावायची. ही माशी चालत्या माणसाच्या सगळ्यात उंच भागाकडे झेपावते आणि पट्टीला चिकटते. तुमच्या मुलाला ‘किती पकडल्या’ हे मोजायचं काम आवडेल असा माझा कयास. फक्त टोपी काढताना पट्टी केसांत अडकणार नाही हे पाहा, नाहीतर परतताना वेगळंच रडगाणं.

बाकी कपडे सैल हवेत. अंगाला घट्ट बसणारी लेगिंग डासाला कातडीसारखीच, तो तिच्यावर बसून आरामात आरपार टोचतो. सैल, दाट विणीच्या कापडात आणि त्वचेत अंतर राहतं. पूर्ण बाह्या, बंद गळा, आणि पँटचा पायचा मोज्यात खोचलेला. दिसायला वेंधळं दिसतं, कबूल. पण तुमच्या घोट्यांचा प्रश्न बहुतांशी इथेच सुटेल. आणि बारीक काळी माशी कपड्याच्या कडेने आत शिरते, त्यामुळे मनगटाला इलॅस्टिक असलेली बाही असेल तर फारच छान.

मानेच्या आणि चेहऱ्याच्या चाव्यांवर माझ्या मते सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी. रुंद काठाची टोपी घालून त्यावरून घ्यावी, म्हणजे ती चेहऱ्याला टेकत नाही. टेकली तर जाळीतूनही चावता येतं. गडद रंगाची जाळी घ्या, तिच्यातून बाहेरचं स्पष्ट दिसतं. घुंगुरटं असतील तर आणखी बारीक विणीची लागते. लोक बघून हसतात म्हणून बरेच जण ती पिशवीतच ठेवतात. सुजलेल्या डोळ्याचा फोटो सोबत असेल तर हसणाऱ्यांना दाखवा.

आता मलमाकडे येते, कारण तुमचं मलम ‘चालत नाही’ या निष्कर्षाबद्दल मला शंका आहे. पाकिटावर कोणता घटक आहे ते पाहा. डीट, पिकारिडिन, आयआर३५३५ आणि लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून मिळणारं पीएमडी हे तपासून सिद्ध झालेले आहेत. यातलं डीट १९४४ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने सैन्यासाठी शोधलं. ते डासाला मारत नाही, फक्त जवळ येऊ देत नाही. २००२ मधल्या एका तुलनेत सुमारे २४ टक्के डीट असलेल्या मलमाने सरासरी ५ तास संरक्षण दिलं, सिट्रोनेलाच्या उत्पादनांनी २० मिनिटांहून कमी, आणि मनगटी पट्ट्यांनी जवळजवळ काहीच नाही. म्हणजे मुलाच्या हातातला तो पट्टा आजच काढा. तो निरुपयोगी आहे एवढ्यावर भागलं असतं, पण ‘पट्टा आहे ना’ म्हणून मलम लावायचं राहून जातं, हा त्याचा खरा तोटा.

‘याहून जालीम’ म्हणजे जास्त टक्क्यांचं, असं मनात असेल तर ५० टक्क्यांच्या पुढे डीटचा फायदा फारसा वाढत नाही. टक्केवारीमुळे ते जास्त वेळ टिकतं, डास जास्त घाबरतो असं नव्हे. मुलासाठी ३० टक्क्यांपर्यंतचं पुरे. तुमचा मुलगा आठ वर्षांचा आहे म्हणून चालेल, पण ज्या वाचकांच्या घरी तान्हं बाळ आहे त्यांनी लक्षात ठेवावं की दोन महिन्यांखालच्या बाळाला डीट लावायचं नाही आणि पीएमडी तीन वर्षांखालच्या मुलांना नको. एवढ्या लहानग्यांसाठी बाबागाडीवर किंवा पाळण्यावर टाकायची जाळीच बरी.

लावायची पद्धत बहुतेकांची चुकते. गळ्याला आणि मनगटाला अत्तरासारखे दोन ठिपके लावून चालत नाही. मलमाचा पहारा जेमतेम लावलेल्या जागेपुरता असतो. मोज्याच्या वरची बोटभर पट्टी सुटली तर डास नेमका तीच शोधून काढतो. उघड्या त्वचेवर सगळीकडे पातळ थर द्या, कपड्याखाली लावायची गरज नाही. सनस्क्रीन लावणार असाल तर आधी ते, जरा मुरू द्या, मग हे. दोन्ही एकत्र असलेलं मिश्रण घेऊ नका, कारण सनस्क्रीन दर दोन तासांनी लावावं लागतं आणि हे तेवढ्या वेळा लावायचं नसतं. मुलाला लावताना आधी स्वतःच्या तळव्यावर घ्या, मग त्याच्या अंगाला. त्याच्या बोटांना आणि डोळ्यांभोवती नको, कारण ते हात तोंडात आणि डोळ्यात जातात. घाम आला, पाण्यात उतरलात, तर परत लावा. घरी आल्यावर साबणाने धुऊन टाका. आणि डीटमुळे प्लास्टिक विरघळतं. चष्म्याची फ्रेम, घड्याळाचा पट्टा यांच्यापासून सांभाळा. नको वाटत असेल तर पिकारिडिन घ्या, ते प्लास्टिकला काही करत नाही आणि वासही नसल्यासारखा.

कपड्यांवर मारायचं परमेथ्रिन हे कीटकनाशक जिथे मिळतं तिथे तोही चांगला पर्याय आहे, विशेषतः गोचिडांसाठी. ते त्वचेवर अजिबात लावायचं नाही, कपडे पूर्ण वाळल्यावरच घालायचे, आणि घरात मांजर असेल तर ओले कपडे तिच्यापासून लांब. मांजरांना आणि माशांना ते फार विषारी आहे.

इथेच फवारणीचं उत्तर आलं. ओढ्याकाठी फवारणी करू नका आणि कुणी करून देतो म्हणाला तर त्यालाही थांबवा. पाण्यात उतरलेलं कीटकनाशक मासे मारतं, चतुरांच्या पिल्लांना मारतं, आणि चतुर तर डास खाऊन तुमचंच काम करत असतात. काठावरच्या फुलांवर आलेल्या मधमाश्याही जातात. एवढं करून गोमाशी लांबून उडत येते ती येणारच, कारण ती त्या दिवशी तिथे नव्हतीच. शिवाय ती जागा तुमच्या एकट्याची नाही.

विजेचा निळा दिवा लावून किडे मारायचं यंत्रही कुणी सुचवेल. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात अशा यंत्रांत मेलेले किडे मोजले तेव्हा १३,७८९ पैकी चावणारे निघाले ३१. बाकीचे बिचारे उजेडाकडे आलेले वाटसरू. आणि माणसाला ऐकू न येणारा आवाज काढून डास पळवणाऱ्या यंत्रांचे दहा क्षेत्रीय प्रयोग २००७ मध्ये एकत्र तपासले गेले, एकातही फायदा दिसला नाही. यावर पैसे घालवू नका.

जिथे वीज आहे, म्हणजे अंगणात, गच्चीवर, तंबूशेजारी, तिथे साधा पंखा या सगळ्यांपेक्षा कामाचा. डास आणि घुंगुरटं कमजोर उडणारी, वाऱ्यापुढे त्यांचा टिकाव लागत नाही, आणि पंखा आपला श्वासही पांगवतो. ओढ्याकाठी पंखा नसतो, पण वारा असतो. चेहऱ्याला वारा लागतोय आणि पानं सळसळतायत एवढा, म्हणजे ताशी दहा किलोमीटरच्या आसपास, असेल तर घुंगुरटं उडत नाहीत.

आणि इथे मला तुमच्या आखणीलाच हात घालायचाय. ओढ्याला लागून, झाडीच्या कडेला, दुपारी, निवाऱ्याच्या जागी बसायचं आणि संध्याकाळ झाल्यावर निघायचं, हा बेत बनवताना जणू माश्यांचाच सल्ला घेतला होता. दुपार गोमाशीची, काठ काळ्या माशीचा, निवारा आणि संध्याकाळ घुंगुरट्यांची. तोच ओढा, तीच माणसं, फक्त सकाळी लवकर निघा, ऊन तापायच्या आत पाण्यात खेळून घ्या, आणि बसायला पाण्यापासून दूर, चढावरची, वारा लागणारी जागा निवडा. चालत असताना घुंगुरटं गाठू शकत नाहीत, थांबलं की झुंड येते, म्हणून मुक्काम वाऱ्यात आणि चाल झाडीत असं ठेवा. पाण्यातून बाहेर आल्या आल्या अंग पुसून कपडे चढवा, ओल्या अंगाने काठावर बसून राहणं गोमाशीला आमंत्रण. आणि दाट गवतातून गेलात तर घरी आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कानामागे गोचीड पाहा. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल ओतू नका, काडी लावू नका.

‘जाणं बंद करू का’ हा प्रश्न तुम्ही हार मानल्यासारखा विचारलाय, मला तो तसा वाटत नाही. बारीक काळ्या माशीचा आणि घिरट्या घालणाऱ्या गोमाशीचा जोर सहसा सगळा उन्हाळा नसतो, काही आठवड्यांचा असतो. तेवढे आठवडे दुसरीकडे, उघड्या माळावर किंवा वाऱ्याच्या टेकडीवर गेलात तर तो शहाणपणाचा बेत झाला. ते कधी सुरू होतात आणि कधी ओसरतात हे एका वहीत टिपून ठेवलंत तर पुढच्या वर्षी कुणाशी वाद घालावा लागणार नाही. यजमानांना एवढंच सांगा की भटकंती तुम्हालाही हवी आहे, फक्त वेळ आणि जागा या वेळी तुम्ही ठरवणार. मुलावर जबरदस्ती नको. त्याला जाळीची टोपी आधी घरात घालून पाहू द्या आणि पहिल्या दिवशी तो म्हणेल तेव्हा परत फिरू, असं कबूल करा आणि खरंच परत फिरा. अर्ध्या तासात फिरावं लागलं तरी चालेल.

चावा बसल्यावर काय? साबण आणि पाण्याने धुवा, थंड पाण्याची पट्टी दहा-पंधरा मिनिटं ठेवा, कॅलामाइन लावा. खाज फार असेल तर सौम्य हायड्रोकॉर्टिसोन मलम आणि सिटिरिझिनसारखी ॲलर्जीची गोळी डॉक्टरांना विचारून. नखं कापलेली असू द्या, विशेषतः मुलाची. रात्री झोपेत खाजवून चावा फोडला की खरा संसर्ग तिथून सुरू होतो. पहिल्या एक-दोन दिवसांत आलेली मोठी, गरम, खाजरी सूज बहुतेक वेळा ॲलर्जीची असते, तिला लगेच प्रतिजैविकं लागत नाहीत. सुजेच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून शेजारी वेळ लिहून ठेवा. दोन दिवसांनंतरही लाली रेघेबाहेर सरकतेय, खाजेऐवजी ठणका वाढतोय, पू किंवा ताप आहे, तर डॉक्टरांकडे जा. आणि चाव्यानंतर ओठ, जीभ सुजली, श्वास लागला, अंगभर गांधी उठून चक्कर आली, तर घरगुती काही करत बसू नका, थेट आपत्कालीन विभाग गाठा. मधमाशी किंवा गांधीलमाशी डसल्यावर हे जास्त वेळा होतं, पण गोमाशीच्या चाव्यानेही क्वचित होतं.

तुमच्यासारखी सूज दर वेळी येणाऱ्यांना काही डॉक्टर बाहेर पडण्याआधीच सिटिरिझिन घ्यायला सांगतात, त्याने गांधी आणि खाज कमी राहते. तुमच्या आणि मुलाच्या, दोघांच्या बाबतीत हे डॉक्टरांना विचारून घ्या. जाताना सुजेचे फोटो न्या आणि मुलाचं आत्ताचं वजन करून न्या, त्याचा डोस ठरवताना ते विचारतील.